दुसरं विधान

आमच्या घरात एक माणूस वर्षभर राहून गेला, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कधी त्याचा पगार दहा टक्क्यांनी वाढायचा, कधी वीस टक्क्यांनी घसरायचा, कधी बापडा निम्मा पगार नुसत्या प्रवासावर उडवायचा. रोज संध्याकाळी माझी सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि ह्याची बचत किती ते काढायची. माझी खाट स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. सुरुवातीला मला वाटलं, कुणी ओळखीपाळखीचं असेल. एक दिवस न राहवून मी म्हटलं, "अगं, त्याच्या बायकोला सांग, जरा हात आखडता घे म्हणावं. असं कसं चालायचं?" सून इतकी हसली की तिला ठसका लागला. तो माणूस परीक्षेच्या पुस्तकातला होता.

मी चिडले. म्हटलं, पुस्तकातला असला म्हणून काय झालं, उधळ्या तो उधळ्याच.

परीक्षा होती सरकारी कचेरीतल्या कारकुनाची. सूनबाईंना लहानपणापासून आकड्यांचं वेड. वाण्याचं बिल ती उलटं धरूनसुद्धा तपासायची. पण ही लग्न होऊन आली आणि पाठोपाठ माझ्या नवऱ्यानं अंथरूण धरलं. त्यांचं उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं हिनं केलं, मला कंबर वाकवू दिली नाही. ते गेले तोवर हिची अभ्यासाची वर्षं निघून गेली होती. मग बसली परीक्षेला. दोनदा बसली आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. आता हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वयाच्या अटीमुळे तिला अर्जच भरता येणार नव्हता. मूलबाळ नाही, त्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीही विचारू नका. पण स्वतःचं एक टेबल असावं, त्यावर आपला शिक्का असावा, एवढी एकच गोष्ट ह्या पोरीनं आयुष्यात स्वतःसाठी मागितली होती.

आणि ती अडायची कुठे, तर ह्या बचतीच्या गणितांपाशी. मी अडाणी बाई, पण ऐकून ऐकून मला पाठ झालंय, सांगते. एक प्रश्न असतो. समजा, अमक्या बाईचं उत्पन्न किती? मग दोन विधानं देतात. विधान एक, ती उत्पन्नाच्या साठ टक्के खर्च करते. विधान दोन, तिची बचत आठ हजार आहे. आता तुम्ही म्हणाल, करा हिशोब. तर नाही! हिशोब करायचाच नाही. उत्तर काढता येईल का, तेवढंच सांगायचं. पहिल्या विधानावर भागतं का, दुसऱ्यावर भागतं का, का दोन्ही लागतात, का दोन्ही मिळूनही माहिती अपुरी पडते. झालं. खूण करायची आणि पुढच्या प्रश्नाला जायचं.

"आणि त्या बाईचं उत्पन्न?" मी विचारलं.

"ते कुणाला नको असतं, आई."

"मग मेल्यांनी विचारलं कशाला?"

"हेच तर माझं होतं ना!" सून कपाळावर हात मारून म्हणाली. "मला राहवत नाही. वीस हजार येतं. काढल्याशिवाय माझा हात पुढे जातच नाही."

तिला ती माणसं खरी वाटायची, माझ्यासारखीच. दोघांच्या मिळकती तीनास दोन, खर्च पाचास तीन, बचत किती, असा प्रश्न आला की पुस्तक म्हणायचं, माहिती अपुरी. ही मात्र पेन्सिल घेऊन अर्धा कागद भरायची, की समजा पहिल्याला तीस हजार मिळत असतील तर, आणि साठ मिळत असतील तर. तिच्या क्लासचे सर होते, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत शिकवायचे. सगळी मुलं त्यांना टक्केसर म्हणत. ते तिला म्हणाले होते, "बाई, तुम्हाला त्यांच्या घरात राहायला जायचं नाहीये. पुरेसं आहे की नाही, एवढं बघा आणि बाहेर पडा." दोन्ही वेळा तिचा पेपर ह्याच गणितांनी खाल्ला होता. सगळं येत होतं, वेळ पुरला नाही.

तेव्हा आम्ही घरात बंदोबस्त केला. आमचे चिरंजीव, म्हणजे तिचा नवरा, रोज कामावरून आले की हातपाय धुऊन टेबलाशी बसायचे आणि घड्याळ लावून प्रश्न वाचायचे. आणि मला दिली एक स्टीलची वाटी आणि चमचा. सुनेनं पेन्सिल उचलून हिशोबाला सुरुवात केली की मी वाटी वाजवायची. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पेन्सिल काही दिसायची नाही, पण कागदावर तिची खरखर ऐकू यायची. खरखर झाली की मी टणटण. सून दचकायची, पेन्सिल टाकायची आणि म्हणायची, "पुरे, पुरे. दोन्ही मिळून पुरेसं." काय मजा यायची! सासूला सुनेवर वाटी वाजवायचा हक्क, तोही सुनेनंच दिलेला. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमच्या घरात भजन चालतं का हो? मी म्हणायची, हो, बचतीचं.

एक गोष्ट मात्र टक्केसरांनी तिला बजावून सांगितली होती, आणि तिनं मला. पहिलं विधान पुरेसं निघालं तरी दुसरं वाचायचंच. कारण दुसरंही एकटं पुरेसं असलं तर उत्तर बदलतं. हिशोब थांबवायचा, वाचन नाही थांबवायचं. घाईत मुलं तिथेच आपटतात म्हणे. सून हे सारखं घोकायची, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. तिला ते पक्कं ठाऊक होतं, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

आता चिरंजीवांबद्दल सांगायला हवं. हा लिफ्टा दुरुस्त करतो. चौदा मजले उंच खोक्यात लोंबकळायला त्याला भीती वाटत नाही, पण माणसासमोर दोन वाक्यं बोलायची म्हटलं की घाम फुटतो. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसून राहतो. लग्न ठरलं तेव्हा 'मुलगी पसंत आहे का' ह्या प्रश्नाला ह्यानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर दिलं. वडिलांवर गेलाय, दुसरं काय.

तर पुस्तकातले प्रश्न संपले, मग हा स्वतःच प्रश्न तयार करायला लागला. जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून, कुठल्यातरी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून आणायचा. आणि काय सांगू, ह्या प्रश्नांत त्याला वाचा फुटली! एकदा आला आणि अगदी गंभीर चेहरा करून वाचायला लागला, "एका घरात सहा कप आहेत. त्यातला चांगला, निळ्या काठाचा कप आज सकाळी फुटला. तो कुणी फोडला? विधान एक, घरात तीन माणसं आहेत. विधान दोन, फोडणारा डावखुरा आहे."

सून म्हणाली, "पहिलं पुरेसं नाही. दुसरं एकटंच पुरेसं." मग एकदम उभी राहिली. "अहो! माझा निळा कप?"

तीन माणसांत डावखुरा एकच, आणि तो मान खाली घालून पुठ्ठ्याकडे बघत होता. आम्ही दोघी हसलो म्हणजे किती हसलो. नंतर त्याची रीतच पडली. वाढदिवस विसरला, गणितातून सांगितलं. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तीही गणितातून. जे तोंडानं सांगता येत नाही ते हा दोन विधानांत घालून आणायचा, आणि सून ते उलगडायची. बाई गं, त्या दोघांचं एवढं बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला खाटेवर पडल्या पडल्या वाटायचं, ही परीक्षा संपूच नये.

परीक्षा रविवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे चिरंजीव लिफ्ट बसवायच्या कामाला परगावी निघणार होते, सोमवारी परत. म्हणजे सरावाची ती शेवटचीच बैठक. आठवडाभर मी डोळ्यांवरून कुरकुर लावली होती, ते खोटं कशाला बोलू. एका बटणाच्या जागी दोन दिसतात, भिंतीवरचं घड्याळ म्हणजे नुसता पांढरा गोळा, कधी एकदा ते ऑपरेशन होतंय असं झालंय, असं उठता बसता चाललेलं. पुढच्या महिन्याची तारीख होती आणि त्याआधी दवाखान्यात निम्मी रक्कम भरायची होती. सून दर वेळी म्हणायची, "होईल हो आई, सगळं तयार आहे."

त्या संध्याकाळी सुनेचा हात नुसता चालत होता. प्रश्न वाचून संपतो न संपतो तोच उत्तर. मला एकदाही वाटी वाजवावी लागली नाही. मी म्हटलंसुद्धा, "मला आता कामावरून काढलंत वाटतं." चिरंजीव खूश होते, त्यांच्या आवाजातच कळत होतं. म्हणाले, "आता शेवटचा. हा मी केलाय."

आणि वाचायला लागला. "एक माणूस. पगाराचे पस्तीस टक्के घरभाड्याला, पंचवीस किराण्याला, आठ टक्के आईच्या औषधांना, बारा टक्के वरखर्चाला. बाकी शिल्लक. प्रश्न असा, की पुढच्या महिन्यापासून ह्या माणसाकडे काही शिल्लक उरेल का? विधान एक, कंपनीनं सगळ्यांचा पगार पाव हिश्शानं कापला, खर्च मात्र तेवढाच आहे. विधान..."

"पुरे," सून म्हणाली.

पेन्सिलची खरखर नाही, काही नाही. मला इतका अभिमान वाटला! मी वाटी चमच्यानं अशी खणखणून वाजवली, शाबासकी म्हणून.

"अगं, पण दुसरं..." चिरंजीव म्हणाले.

"गप रे!" मी ओरडले. "पुरे म्हणाली ना ती? रविवारी परीक्षेत तू मध्येमध्ये बोलायला जाणार आहेस का?"

तो हसला. पुठ्ठ्याची घडी घालून खिशात ठेवल्याचा आवाज आला. "बरं, परीक्षेनंतर सांगतो," एवढंच म्हणाला. सून उठून ओट्याकडे गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. मी म्हटलं, "अगं, पाणी वाया चाललंय." तेव्हा तिनं बंद केला.

तिचा चेहरा मला दिसला असता तर मी काहीतरी विचारलं असतं. पण मला फक्त पाठमोरा एक धूसर ठिपका दिसत होता. आणि कानांना तर सगळं छानच ऐकू आलं होतं.

शुक्रवारी दुपारी सून म्हणाली, "आई, खाली जाऊन येते." खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते, तिच्याकडे. परत आली ती तासाभरानं. अभ्यासाला बसली, पण घरात सगळं शांत. मी म्हटलं, "वाचून दाखवायला कुणी हवं का? चिरंजीव नाहीत तर मी काहीतरी तोंडी विचारते. एक म्हातारी आहे, तिला दोन डोळे आहेत..." ती हसली, पण नेहमीसारखं नाही. म्हटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. शनिवारी रात्री चिरंजीवांचा फोन आला. फोनवर तर हा आणखीनच मुका. त्यानं विचारलं असणार, तयारी झाली का, कारण सून म्हणाली, "हो, पुरेशी झाली." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही जेवलात का? नीट जेवत जा. काळजी करू नका, मी आहे." मी मनात म्हटलं, परीक्षा हिची आणि धीर ती त्याला देतेय, अशी ही.

रविवारी सकाळी ती लवकर निघाली. माझा चहा, औषध, दुपारचं ताट झाकून, सगळं हाताशी ठेवलं. पाया पडली. मी म्हटलं, "घाई करू नकोस. पेन्सिल उचलावीशी वाटली तर माझी वाटी आठव." ती माझा हात धरून क्षणभर तशीच बसली. "येते हं आई," म्हणाली आणि गेली. तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र घड्याळाखाली भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं होतं, महिनाभर तिथेच होतं, हरवू नये म्हणून. ते तिनं काढलं की नाही हे मला दिसणार कसं? माझ्या लेखी ती भिंत म्हणजे नुसता पांढरा गोळा.

संध्याकाळी आली ती पार दमून. मी विचारलं, कसा गेला? म्हणाली, "झालं एकदाचं." मी म्हटलं, बस, पाणी पी, आता मी काही विचारत नाही. आणि खरंच विचारलं नाही, तेवढी अक्कल मला आहे असं तेव्हा वाटलं होतं. सोमवारीही सकाळी बाहेर गेली. म्हणाली, एक काम आहे, सांगते संध्याकाळी.

सोमवारी चिरंजीव तिच्या आधी पोचले. बॅग टाकली, मला हाक मारली, पाणी प्यायले आणि वेळ बघायला भिंतीकडे वळले असणार. कारण एकदम गप्प झाले. म्हणजे नेहमीचं गप्प नाही. मला त्याच्या गप्प बसण्यातला फरक कळतो, मी जन्म दिलाय त्याला.

"आई, ती परीक्षेला गेली होती ना?"

"म्हणजे काय? गेली होती की. सकाळी पाया पडून गेली."

"प्रवेशपत्र इथेच आहे."

तेवढ्यात दार उघडलं. सून आत आली. तिच्या अंगाला नव्या कपड्याचा, कांजीचा वास येत होता. चिरंजीवांना काय दिसलं ते त्यानं नंतर सांगितलं. तिच्या अंगात मोठ्या कापडदुकानाचा गणवेश होता, निळा, खिशावर दुकानाचं चिन्ह शिवलेलं.

"पेपर?" त्यानं विचारलं.

"नाही दिला." तिनं पर्स टेबलावर ठेवली. "खालच्या बाईंनी सांगितलं होतं, दुकानात गल्ल्यावर बाई हवी आहे म्हणून. रविवारी सकाळी हजर झालं तरच जागा, नाहीतर दुसरीला देणार होते. मी म्हटलं, परीक्षेचा निकाल लागणार कधी, बोलावणं येणार कधी, आणि आईंच्या डोळ्यांचे पैसे भरायचे पुढच्या आठवड्यात. पगार कालपासून चालू झाला, थोडी उचलही देणार आहेत. तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका."

"अगं, पण का?"

"का काय? तुम्हीच नाही का सांगितलंत?" तिचा आवाज फुटला. "पस्तीस भाड्याला, पंचवीस किराण्याला, आठ आईंच्या औषधांना. मला कळणार नाही का, ते कुणाचं घर आहे ते? शंभरातले ऐंशी खर्च आणि हातात पंचाहत्तर. शिल्लक तर नाहीच, वर पाचाचा खड्डा. तुम्हाला तोंडानं सांगवत नव्हतं म्हणून तुम्ही गणितात घालून सांगितलंत. मी विचारलं असतं तर तुम्ही मान खाली घालून बसला असता. ते मला बघवलं नसतं."

चिरंजीव खुर्चीवर बसले. खुर्ची करकरली. मग खिशातून पुठ्ठा काढल्याचा आवाज आला, आणि तो वाचायला लागला. असा वाचत होता, जणू शाळेत उभं केलंय.

"विधान दोन. त्या माणसानं ती नोकरी सोडली. त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. पगार जुन्या पगारापेक्षा वीस टक्क्यांनी जास्त. एक तारखेपासून."

मला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं.

"ते तू तेव्हा का नाही रे सांगितलंस?" मी ओरडले. "तोंड शिवलं होतं का तुझं?" ओरडले आणि माझं मलाच ऐकू आलं. गप रे म्हणून त्याला गप्प कुणी केलं होतं? खणखणून वाटी कुणी वाजवली होती?

तो काही म्हणाला नाही मला. त्यानं मला कधीच काही म्हटलेलं नाही. सुनेला म्हणाला, "मला वाटलं, ते आपलंच घर हे तुझ्या लक्षात नाही आलं. तू पटकन उत्तर देऊन उठलीस. म्हटलं, परीक्षा होऊ दे. नंतर सांगीन, खूश होशील."

"मला वाटलं, दुसरं विधान आणखी वाईट असणार," सून म्हणाली. "पगार कापला, आता नोकरीच गेली, असं काहीतरी. मला ऐकवेना हो. टक्केसर ओरडून सांगत होते, दुसरं वाचायचंच. वर्षभर घोकलं मी. आणि तेवढं एकच ऐकलं नाही."

मग तिनं नाक पुसलं आणि कशी कोण जाणे, जरा हसल्यासारखी म्हणाली, "पण असा प्रश्न परीक्षेत येत नाही. दोन विधानं कधी एकमेकांच्या विरुद्ध नसतात. पहिल्यावरून नाही आणि दुसऱ्यावरून हो, असं होऊच शकत नाही. चुकीचा प्रश्न घातलात तुम्ही."

"मी काय," चिरंजीव म्हणाले, "लिफ्टवाला माणूस."

आणि तो रडला. बाप गेला तेव्हाही न रडलेला माझा मुलगा टेबलावर डोकं ठेवून रडला. मी खाटेवरून उठायला बघत होते, पण काठी सापडेना. सून त्याच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळानं मला खरखर ऐकू आली. कागदावर पेन्सिलची. ती तो हिशोब करत होती. शंभराचे झाले एकशेवीस, खर्च ऐंशी, उरले चाळीस. सगळं सावकाश, शेवटपर्यंत करत होती. वाटी माझ्या उशाशीच होती. मी ती उचलून उशीखाली सारली.

"पगाराचा तिसरा हिस्सा शिल्लक," ती म्हणाली. "खूपच चांगलं आहे हो."

टक्केसरांकडे चिरंजीव दुसऱ्या दिवशी गेले. विचारून आले, काही होऊ शकतं का, अर्ज, विनंती, काहीही. सरांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, नाही. वय म्हणजे वय. तो घरी येऊन हे सगळं आम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगत बसला, सरळ वाक्यांत, एकामागून एक. तेव्हापासून बोलतो आता. गणित नाही, कोडं नाही, पगार किती, खर्च किती, डोकं दुखतंय, भीती वाटतेय, सगळं सांगतो. जरा उशीरच झाला बोलायला.

माझं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. पट्टी काढली, घरी आले, आणि पहिल्यांदा सगळं घर स्वच्छ दिसलं. सुनेचे केस किती पिकलेत ते दिसलं. ती अजून त्या दुकानात गल्ल्यावर बसते. मालक खूश आहेत, रोखीत कधी फरक येत नाही म्हणतात. मी म्हटलं, आता नवऱ्याचा पगार चांगला आहे, सोड की. म्हणाली, "घरी बसून काय करू, आई? परीक्षा तर संपली."

तिनं ते प्रवेशपत्र काढून टाकलंय, पण घड्याळाखाली चिकटपट्टीचे चार तुकडे तसेच राहिलेत. मला आता ते खाटेवरून अगदी लख्ख दिसतात.